वावरातला गोटा आणि बर्फातला दगड

मे महिन्यातली दुपार होती. ओळखीचे एक शेतकरी दारात उभे. हातात कापडी पिशवी, पिशवीत एकच दगड. वखरता वखरता लागला म्हणाले. काळा, दोन मुठींएवढा, एका अंगाने गुळगुळीत. दगड माझ्या हातात देऊन त्यांनी थेट विचारलं, "पाहा ना भाऊ, हा गोटा वरून पडला असन काय? लय जड हाये."

यवतमाळात राहून विज्ञानावर लिहिणाऱ्या माणसाकडे असे दगड येतात. मला ते आवडतं. वावरात हजार गोटे असताना एकच उचलून त्याची चौकशी करावीशी वाटणं ही साधी गोष्ट नाही. म्हणून आलेला दगड मी तसाच परत पाठवत नाही. आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो.

जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबक माझ्याकडे आहे. दोऱ्याला बांधून तो दगडाजवळ नेला, तर दगडाकडे झुकला. त्या शेतकऱ्यांचे डोळे चमकले. आकाशातून पडलेल्या दगडात, म्हणजे अशनीत, लोखंड असतं आणि तिला चुंबक चिकटतो, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. ते खरंही आहे. पण आपल्या भागात चुंबकाची साक्ष पुरेशी नाही. यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग ज्या काळ्या दगडावर बसला आहे तो बेसॉल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज बारीक कणांनी पसरलेलं असतं. इथल्या कितीतरी साध्या गोट्यांकडे चुंबक थोडाफार ओढला जातो.

मग वजनकाटा काढला, पोळ्यांची कणीक मोजायचा. दगड भरला ६३८ ग्रॅम. काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवलं, आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याने टांगलेला दगड तळाला टेकू न देता पाण्यात पूर्ण बुडवला. काट्याने दाखवलं २२० ग्रॅम. दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं हे वजन. ६३८ ला २२० ने भागलं की उत्तर येतं २.९. म्हणजे हा दगड पाण्याच्या २.९ पट जड. नेहमी सापडणाऱ्या दगडी अशनींची घनता साधारण ३.३ ते ३.७ असते. आपला बेसॉल्ट ३ च्या अलीकडे थांबतो.

शेवटी भिंग. टवका उडालेल्या जागी बारीक भोकं होती आणि त्यांत पांढरं खनिज भरलेलं. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकतात आणि पुढे पाणी मुरून त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं बसतात. अशनीच्या अंगावर अशी भोकं जवळपास कधीच नसतात.

"म्हंजे इथलाच," ते म्हणाले.

इथलाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यांनी दगड परत पिशवीत घातला आणि धुऱ्यावर ठेवतो म्हणाले. ते गेल्यावर त्यांचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. दगड वरून पडला की नाही, एवढ्यावर तो संपत नाही. वरून पडला असेल तर वर म्हणजे कुठून? कोणत्या लघुग्रहातून, त्याच्या किती खोलीतून? तिथे तो किती भाजला, किती ठेचला गेला? मूठभर दगडातून हे सगळं वाचता येतं, आणि असे दगड माणसाला भरभरून मिळाले ते आपल्या काळ्या मातीपासून फार दूर, अंटार्क्टिकाच्या पांढऱ्या बर्फात.

पुढे जाण्याआधी दोन शब्दांचा उलगडा करतो, कारण आपल्या वर्तमानपत्रांत त्यांची कायम सरमिसळ होते. आकाशात दिसते ती प्रकाशाची रेघ म्हणजे उल्का. वातावरणातून वाचून जमिनीवर पोचतो तो दगड म्हणजे अशनी. बहुतेक उल्का वरच जळून संपतात, त्यांची अशनी होत नाही. इतका चांगला शब्द आपल्याकडे असताना तो वापरातून जाऊ देऊ नये.

५ डिसेंबर १९१२. डग्लस मॉसन यांच्या ऑस्ट्रेलेशियन अंटार्क्टिक मोहिमेतली तीन माणसांची एक तुकडी फ्रँक बिकरटन यांच्या नेतृत्वाखाली तळापासून पश्चिमेकडे निघाली होती. घसरगाडी ओढत चाललेल्या त्या माणसांना बर्फात एक काळी वस्तू अर्धवट रुतलेली दिसली. सुमारे किलोभराचा दगड, अंगावर काळं पातळ कवच. आजूबाजूला मैलोन्मैल खडक नाही, डोंगर नाही, दगड वाहून आणील अशी नदी नाही. बर्फावर दगड असेल तर तो वरूनच आलेला असणार. बिकरटन यांनी तो अशनी म्हणून ओळखला आणि तळावर आणला. त्याच मोहिमेच्या पूर्वेकडे गेलेल्या तुकडीतला निनिस हा तरुण नऊ दिवसांनी हिमभेगेत पडून मेला. त्या प्रदेशात एक दगड सांभाळून आणणं काय होतं, याचा अंदाज यावरून यावा.

अडेली लँड हे त्या दगडाचं नाव. अंटार्क्टिकावर सापडलेली ही पहिली अशनी. तिचं शास्त्रीय वर्णन बेली आणि स्टिलवेल यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलं. आजच्या वर्गीकरणात ती 'एल५' आहे. या एका अक्षराचा आणि एका आकड्याचा अर्थ पुढे येईल.

तिच्यानंतर १९६९ पर्यंत त्या अख्ख्या खंडावर आणखी जेमतेम तीन अशनी मिळाल्या होत्या. त्या वर्षी २१ डिसेंबरला बर्फाच्या हालचालींची मोजणी करणाऱ्या जपानी पथकाला यामातो पर्वतांजवळच्या निळ्या बर्फावर लहानशा जागेत नऊ दगड मिळाले. एखादी अशनी फुटून तिचे तुकडे पसरतात, तसं हेही असेल असं कुणालाही वाटलं असतं. पण तपासणीत ते वेगवेगळ्या जातींचे निघाले. म्हणजे ते एकाच वेळी पडलेले नव्हते. कुणीतरी वेचून एका जागी आणून ठेवावेत तसे ते जमले होते.

वेचणारा होता बर्फ. अंटार्क्टिकाचा बर्फ जागच्या जागी राहत नाही, तो फार संथ वाहतो. हजारो वर्षं पडत आलेल्या अशनी हिमाखाली गाडल्या जातात आणि बर्फासोबत समुद्राकडे सरकतात. वाटेत पोटातला डोंगर आडवा आला की बर्फ तिथे अडतो आणि वर चढतो. त्या जागी ध्रुवीय पठारावरून उतरणारे कोरडे, जोरकस वारे बर्फाचा पृष्ठभाग सतत खातात. खळ्यावर धान्य उपणताना काय होतं ते आपल्याला माहीत आहे: भुसा वारा नेतो, दाणा पायाशी पडतो. तिथे वारा बर्फ नेतो आणि दगड राहतो. ही उपणणी लाखो वर्षं चालू आहे. १९७६ पासून अमेरिकेतले विल्यम कॅसिडी यांनी दरवर्षीची शोधमोहीम सुरू केली आणि आज अंटार्क्टिकावरून आलेल्या अशनींची संख्या ४५ हजारांच्या वर आहे. जगात नोंद असलेल्या अशनींपैकी निम्म्याहून जास्त त्या एका निर्मनुष्य खंडावरच्या आहेत.

आता आपलं वावर डोळ्यांपुढे आणा. आकाशातून दगड पडायचं प्रमाण अंटार्क्टिकात जास्त आणि यवतमाळात कमी, असं काही नाही. फरक आहे तो जमिनीत. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं त्यात पडतं, पावसाळ्यात माती फुगते आणि भेग मिटते. ही जमीन स्वतःच स्वतःला उलथीपालथी करत असते. त्यातून दगड वर राहिलाच, तर चार महिन्यांचा पाऊस त्यातल्या लोखंडाला गंज आणतो. गंज फुगतो, दगडाला तडे जातात आणि काही काळाने अशनीची माती होते. अंटार्क्टिकाच्या कोरड्या थंडीत तेच दगड लाखो वर्षं टिकतात. तिसरी अडचण सर्वांत मोठी: काळ्या मातीत, काळ्या बेसॉल्टच्या गोट्यांमध्ये काळ्या कवचाचा दगड कोण ओळखणार? म्हणून आपल्याकडच्या बहुतेक अशनी म्हणजे ज्यांचं पडणं कुणीतरी पाहिलं किंवा ऐकलं आणि जाऊन उचललं, त्याच.

अशा अशनी विदर्भाने दिल्या आहेत. १८३८ साली वऱ्हाडातल्या चांदकापूरला पडलेली अशनी 'एल५', म्हणजे अडेली लँडच्याच वर्गातली. अकोला जिल्ह्यातल्या अंदुऱ्याला १९३९ च्या ऑगस्टमध्ये पडली ती 'एच६'. आणि आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत झालेली घटना काटोलची. २२ मे २०१२ रोजी दुपारी दोनच्या सुमाराला, भर उन्हात आकाशात प्रकाश दिसला, धडाका झाला आणि काटोल शहर व परिसरात दगड पडले. एकूण सुमारे १३ किलो गोळा झाले. यवतमाळपासून काटोल सरळ रेषेत ११० किलोमीटरच्या आसपास आहे. त्या दगडाची वाट किंचित दक्षिणेकडे कलली असती, तर तो आपल्याकडे पडता.

असा दगड हाती आल्यावर त्याचं वर्णन कसं करतात? इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळी गंमत याच कामात आहे.

अंटार्क्टिकाच्या मोहिमेत दगड दिसला की त्याला उघडा हात लावत नाहीत. जागेची नोंद होते, क्रमांक पडतो, दगड निर्जंतुक पिशवीत जातो आणि गोठलेल्या अवस्थेतच अमेरिकेत ह्यूस्टनला पोचतो. तिथे कोरड्या नायट्रोजनने भरलेल्या पेटीत त्याला सावकाश वितळू देतात. उद्देश हा की पृथ्वीवरचं पाणी पुन्हा आत मुरू नये. मग साध्या डोळ्यांनी पाहणी. लांबी, रुंदी, जाडी, वजन. कवच किती शिल्लक आहे? हे कवच बहुधा मिलिमीटरहून पातळ असतं. वातावरणातून येताना दगडाची फक्त कातडी वितळते आणि ती गोठली की कवच होतं. आतल्या गाभ्याला तेवढ्या सेकंदांत तापायला वेळच मिळत नाही. पडलेली अशनी धगधगत असते आणि तिने गवत पेटतं, या ऐकीव गोष्टींवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. गंजाचीही प्रत लावतात: थोडा गंज असेल तर 'ए', मध्यम 'बी', फार 'सी'. अंगावर क्षारांचा पांढरा थर आला असेल तर त्याची वेगळी खूण.

मग दगडाचा छोटा काप काढतात. काचपट्टीवर चिकटवून तो घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात. एवढा पातळ झाला की दगडातून उजेड पार जातो. ध्रुवीभूत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काळाकरडा दगड निळ्या, गुलाबी, पिवळ्या तुकड्यांनी भरून जातो. ऑलिव्हीन नावाचं खनिज झगझगीत रंगांत दिसतं, पायरॉक्सीन बरंचसं करड्या-पिवळ्या छटांत, आणि धातूचे कण काळेच राहतात, कारण त्यांतून उजेड जात नाही. आणि या गर्दीत दिसतात गोल दाणे. खसखशीएवढे किंवा त्याहून लहान. यांना कॉन्ड्रूल म्हणतात. सूर्याभोवती अजून ग्रह झालेले नव्हते, धुळीचं नुसतं चक्र फिरत होतं, त्या वेळी धुळीचे कण क्षणभर वितळले, थेंब झाले आणि गोठले. तेच हे दाणे, सुमारे ४५६ कोटी वर्षांचे. पृथ्वीवरचा कोणताही खडक इतका जुना नाही. हे दाणे असलेल्या दगडी अशनीला कॉन्ड्राइट म्हणतात, आणि पडताना पाहिलेल्या बहुतेक अशनी याच प्रकारच्या असतात.

यानंतर अक्षर ठरतं. साध्या कॉन्ड्राइटचे तीन गट: 'एच' म्हणजे एकूण लोह जास्त, 'एल' म्हणजे कमी, 'एलएल' म्हणजे लोहही कमी आणि सुटा धातू तर फारच कमी. पण नुसतं लोखंड मोजून भागत नाही, ते कुठे बसलंय हेही पाहावं लागतं. इलेक्ट्रॉनच्या बारीक झोताने ऑलिव्हीनच्या एकेका कणाचं रसायन तपासतात आणि त्यातला लोहयुक्त भाग शेकडा किती ते काढतात. 'एच' गटात हा आकडा साधारण १६ ते २० येतो, 'एल' मध्ये २२ ते २६, 'एलएल' मध्ये त्याच्याही वर. गटांच्या मध्ये जवळजवळ रिकामी जागा असते. हे गट म्हणजे निदान तीन वेगवेगळी घराणी, तीन वेगळे मूळ लघुग्रह, असं यावरून मानतात. जपानच्या हायाबुसा यानाने इतोकावा लघुग्रहावरची धूळ २०१० मध्ये पृथ्वीवर आणली, ती 'एलएल' कॉन्ड्राइटशी जुळली. दगडांवरून बांधलेला अंदाज त्या धुळीने खरा ठरवला.

आकडा सांगतो दगड किती भाजला ते. व्हॅन श्मुस आणि वुड यांनी १९६७ मध्ये ही मांडणी केली. बुंदीच्या लाडवाचं उदाहरण घेऊ. ताज्या लाडवात बुंदीचा दाणा अन् दाणा सुटा दिसतो. ही अवस्था ३. तोच लाडू दाबून, ऊब देऊन ठेवला की दाण्यांच्या कडा एकमेकांत विरतात. ४, ५ करत ६ पर्यंत गेलं की कुठे दाणा होता एवढी खूणच उरते. लघुग्रहाच्या पोटात किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियमच्या उष्णतेने हे भाजणं झालं. ६ क्रमांकाचे दगड ८०० अंश सेल्सिअसच्याही वर तापले होते, पण वितळले नाहीत. म्हणजे ते आतल्या, खोल भागातले.

काटोलचं वर्गीकरण झालं 'एल६'. आता हे वाचता येतं: कमी लोहाच्या घराण्यातला, खोल पोटात भाजलेला दगड.

काटोल इथेच थांबली नाही. तिच्या अंगात बारीक काळ्या शिरा आहेत. अवकाशात दोन लघुग्रह आदळले, त्या क्षणी दगड या रेषांवर वितळला आणि लगेच गोठला. खरगपूरची आयआयटी, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि जपानमधलं हिरोशिमा विद्यापीठ इथल्या संशोधकांनी, इतर सहकाऱ्यांबरोबर, या शिरा तपासल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिरांमध्ये त्यांना ब्रिजमनाइट मिळालं. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली हेच खनिज सर्वांत जास्त आहे. पृथ्वीवर सर्वांत विपुल असलेलं खनिज हेच, आणि तरी ते खणून वर आणता येत नाही, कारण दाब सुटला की ते मोडतं. २३ गिगापास्कलच्या आसपासचा दाब, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोन लाख पटींहून जास्त, त्या धडकेत क्षणभर निर्माण झाला आणि दगड इतक्या झटकन थंड झाला की खनिजाला मोडायला वेळ मिळाला नाही. काटोलमधल्या या खनिजात लोह आहे, अ‍ॅल्युमिनियम आहे आणि शेजारी धातुरूप लोखंडही आहे. पृथ्वीच्या पोटातलं ब्रिजमनाइट जसं असावं असं मानतात, त्याच्या हे फार जवळ जातं. आपल्या पायांखाली ६६० किलोमीटरच्याही खाली काय आहे ते कळायला काटोलच्या दगडाची मदत झाली. मला हे वाचून त्या दिवशी दुसरं काही सुचलं नव्हतं.

वर्गीकरण चुकतंही. अंटार्क्टिकावरचा सर्वांत गाजलेला दगड म्हणजे 'एएलएच ८४००१'. अ‍ॅलन हिल्स भागात १९८४ च्या डिसेंबरमध्ये रॉबर्टा स्कोर यांनी तो उचलला. वजन १.९३ किलो. पहिल्या तपासणीत त्यावर 'डायोजेनाइट' अशी चिठ्ठी लागली. डायोजेनाइट म्हणजे कॉन्ड्रूल नसलेली, वितळून पुन्हा घडलेली अशनी. तिचं घराणं व्हेस्टा या मोठ्या लघुग्रहाशी जोडतात. अस्सल डायोजेनाइट आपल्या खानदेशात माणेगावला २९ जून १८४३ रोजी पडलेली आहे. 'एएलएच ८४००१' ला मात्र ती चिठ्ठी चुकून लागली होती. जवळजवळ दहा वर्षांनी डेव्हिड मिटलफेल्ड यांना त्यातली खनिजं डायोजेनाइटशी जुळेनात. त्यांनी पुन्हा खोलात तपासलं आणि दगड मंगळावरचा निघाला, चारशे कोटी वर्षांहून जुना. १९९६ मध्ये त्यात प्राचीन जीवांच्या खुणा असल्याचा दावा झाला आणि त्यावर जगभर वाद पेटला. बहुतेक अभ्यासकांनी तो दावा पुढे मान्य केला नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. दहा वर्षं चुकीच्या चिठ्ठीखाली असूनही दगड जपून ठेवला होता, म्हणून चूक दुरुस्त करता आली. दगड हरवला असता तर चूकच कायम राहिली असती.

या ध्रुवीय संशोधनाशी आपल्या शेजारच्या गोव्याचंही नातं आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली १९८१ च्या डिसेंबरमध्ये गोव्याहून निघाली. आज वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, आणि दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत वैश्विक धुळीवर अनेक वर्षं काम झालं आहे. हिंदी महासागराच्या तळचा गाळ आणि अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री तळाजवळचा बर्फ यांतून मिळालेले सूक्ष्म गोलक तिथे अभ्यासले गेले. केसाच्या जाडीच्या पटीत मोजावे एवढे हे कण, पण त्यांचीही घराणी लावतात: हा कॉन्ड्राइटचा, हा लोखंडी, हा कार्बनी मातीचा.

आपल्या जिल्ह्यातही एक जागा माझ्या मनात आहे. वणीकडे बेसॉल्ट संपतो आणि कोळसा व चुनखडी सुरू होते. तिथली पैनगंगा गटाची चुनखडी प्रोटेरोझोइक काळातली, बेसॉल्टच्या कितीतरी आधीची. स्वीडनमध्ये थोर्सबर्गच्या चुनखडीच्या खदानीत फरशीचे दगड कापणाऱ्या कामगारांना फिकट दगडात काळे डाग दिसत. डाग असलेली फरशी टाकाऊ ठरायची. तपासलं तेव्हा ते डाग ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात पडलेल्या अशनी निघाल्या. आता शंभरावर अशनी तिथे मिळाल्या आहेत आणि जवळजवळ सगळ्या 'एल' गटातल्या, कारण त्याच सुमाराला 'एल' घराण्याचा मूळ लघुग्रह फुटला होता. वणीच्या चुनखडीत असं काही मिळेल असं मी म्हणत नाही. पण फिकट दगडात न शोभणारा काळा डाग पहिल्यांदा खदानीतल्या माणसाला दिसतो, हे स्वीडनने दाखवलं आहे.

आणि सगळं काही अशनी नसतं, हेही आपण पाहिलं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला विदर्भाच्या आकाशातून पेटत्या ठिणग्यांची रांग संथपणे सरकत गेली. लोकांनी गच्च्यांवरून, शेतांतून पाहिलं, मोबाइलवर टिपलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं, आसपास धातूचे गोळेही मिळाले. चीनच्या लाँग मार्च रॉकेटच्या एका टप्प्याचे ते अवशेष, असं अभ्यासकांनी सांगितलं. त्या संथ चालीतच ओळख होती. अशनी सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने येते आणि काही सेकंदांत संपते. रॉकेटचा तुकडा कक्षेतून घसरत येतो, म्हणून तो मिनिटभर आकाश ओलांडताना दिसतो.

आता कामाचं. अशनी पडली तर तिला गावाचं नाव मिळतं. काटोल, अंदुरा, माणेगाव ही नावं जगभरच्या अशनींच्या नोंदीत कायमची आहेत, जपान-जर्मनीतले विद्यार्थी ती वाचतात. हे नाव मिळायला अट लहान आहे: २० ग्रॅम किंवा एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, यांतलं जे कमी असेल तेवढं द्रव्य मान्यताप्राप्त संग्रहात जमा असावं लागतं आणि वर्गीकरण झालेलं असावं लागतं. तेवढ्यासाठी काय करावं ते सांगतो, कात्रण काढून ठेवा.

आकाशात मोठा प्रकाश दिसला किंवा धडाका ऐकला तर आधी घड्याळ पाहा, वेळ लिहा. कुठून कुठे गेला ती दिशा झाड, टॉवर, देऊळ यांच्या खुणेने लक्षात ठेवा. दगड सापडला तर जागच्या जागी फोटो काढा, शेजारी नाणं किंवा काडेपेटी ठेवून. उघड्या हाताने न उचलता स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, कोरडा ठेवा. धुऊ नका, घासू नका, फोडून वाटू नका, चुंबक पुन्हापुन्हा घासू नका. चुंबकाने दगडाच्या मूळ चुंबकत्वाची नोंद पुसली जाते. मी स्वतः चुंबक वापरतो तो वावरातल्या जुन्या गोट्यांवर. डोळ्यांदेखत पडलेल्या दगडाला तो लावत नाही, तुम्हीही लावू नका. श्रद्धेने शेंदूर लावावासा वाटला तर नमस्कार करा, शेंदूर नको. तेल-शेंदूर मुरला की रसायन बिघडतं. कुणी पैसे घेऊन दारात उभा राहिला तर दगड देऊ नका. तहसील कार्यालयाला किंवा पोलिस ठाण्याला कळवा आणि पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला. देशात पडलेल्या अशनी सांभाळायचं काम याच संस्थेकडे आहे, आणि तिचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. सकाळच्या बसने निघालात तर दुपारपर्यंत दगड योग्य हातांत असतो.

आणि वावरातला जुना गोटा असेल, शंका असेल, तर वजनकाटा, पातेलं आणि दोरा घरात आहेच. भागाकार ३.३ च्या वर आला, भोकं नसली आणि टवक्यात चमकणारे धातूचे कण दिसले, तर तो दगड धुऱ्यावर टाकू नका. मला दाखवा, कुणा भूगर्भाच्या प्राध्यापकाला दाखवा, पण दाखवा.